पोत्यातले सहा कार्बोरेटर

गवत छातीला लागलं होतं. पावसानं यंदा उघडीप अशी दिलीच नाही, आणि झाडांच्या ओळींमधून माणूस चालला तर लांबून नुसतं डोकं दिसायचं. फळ उतरवायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. शिडी टेकवायची म्हटली तर पाय कुठं टेकतोय ते दिसत नव्हतं. खालच्या फांद्यांवर बुरशी चढायला लागली होती.

अशात एका सकाळी लांबू इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या शेडपुढं येऊन उभा राहिला. उंचीमुळं सगळे त्याला लांबूच म्हणायचे. त्याची बाग लहान, दीडशे झाडांची. एरवी हसतमुख माणूस, पण आज पायरीवर पायसुद्धा ठेवला नाही.

"मिस्त्री कुठायत?"

मिस्त्रींची सून कामाच्या टेबलाशी होती. दातांत दोन स्क्रू धरलेले. ते हातावर काढून ती म्हणाली, "आत पडलेत. काय आणलंय?"

"आणायला ठेवलंय काय? तुमच्या सासऱ्यांनी आमच्या पोटावर पाय दिला, वहिनी. संघाचे सहाही छोटे ट्रॅक्टर भंगारात निघाले. मिस्त्रींनी लिहून दिलंय, तपासले, दुरुस्त होणार नाहीत. खाली सही. सेक्रेटरीनं फळ्यावर लावलाय कागद. पुढच्या रविवारी सभेत मंजुरी, आणि तिथंच विक्री."

टेबलाखाली एक पोतं होतं, तिकडं तिचं लक्ष गेलं.

बागाईतदार संघाचे ते सहा ट्रॅक्टर म्हणजे कमरेएवढी यंत्रं. एका सिलिंडरचं इंजिन, खाली गवत कापायचं पातं. मोठ्या बागवाल्यांकडं स्वतःची नवी यंत्रं होती. लहान बागवाले संघाचे ट्रॅक्टर पाळीपाळीनं न्यायचे. सहाही चाळिशी उलटलेले, सहा तऱ्हांचे, बनवणाऱ्या कंपन्या कधीच बुडालेल्या. तरी गेल्या हंगामापर्यंत चालत होते. ते आपण चालते ठेवले होते, हे तिला माहीत होतं.

चार दिवसांपूर्वी सेक्रेटरी स्वतः स्कूटरवरून पोतं टाकून गेला होता. सहाही कार्बोरेटर काढून आणलेले. ती तेव्हा घासपट्टी आणायला गेली होती. घरी फक्त मिस्त्री होते. "जमलं तर बघा, नाहीतर राहू द्या तुमच्याकडंच," असं म्हणाला म्हणे.

तिनं हात पुसले आणि तशीच संघाच्या कचेरीकडं निघाली.

फळ्यावर कागद होता. टाइप केलेला, ठसठशीत. "सदर इंजिनांचे कार्बोरेटर पूर्णपणे निकामी असून त्यांची ओळख पटत नाही व सुटे भाग उपलब्ध नाहीत." खाली मिस्त्रींची सही. सही ओळीवर नव्हती. ओळीच्या खाली घसरून कागदाच्या कडेला गेली होती. बोट धरून जागा दाखवल्याशिवाय इतकीही नीट आली नसती.

घरी आली तेव्हा मिस्त्री बाजेवर उठून बसले होते. सासूबाई पायाशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"मामंजी, सेक्रेटरीनं कसल्या कागदावर सही घेतली?"

"पोच. सहा कार्बोरेटर मिळाले त्याची पोच."

"वाचलात?"

"त्यानं वाचून दाखवली."

"त्याला काय सांगितलंत?"

"चष्मा सापडत नाही म्हटलं."

"चष्मा नाकावरच होता," सासूबाई घडीवरची नजर न काढता म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान फिरवली. तीन वर्षं झाली, त्यांच्या डोळ्यांसमोर मधोमध राखाडी डाग बसला होता. कडेकडेनं दिसायचं, पण ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री खुर्चीत ताठ बसत, वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करत, "परवा या," म्हणत. मग पडद्यामागं सून ती खोलायची. तोंड त्यांचं आणि हात हिचे, असा तीन वर्षांचा संसार होता तो. तिनं कधी तक्रार केली नव्हती. नाव त्यांचं चाळीस वर्षांचं, त्या नावावर काम येत होतं.

"जाऊन सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? आंधळा झालो म्हणून?"

"फसवून सही घेतली म्हणून."

"दोन्ही एकच झालं ते," मिस्त्री म्हणाले. "माझ्या तोंडून नाही निघायचं. उद्या कुणी पाना तरी देईल का माझ्या हातात?"

"पाना माझ्या हातात आहे, मामंजी."

सासूबाईंनी घातलेली घडी उगीचच मोडली आणि परत घातली.

संध्याकाळी नवरा आला. संघाच्या गोदामावर तो कारकून होता. स्वभावानं गरीब, पायाखाली मुंगी आली तरी तिलाच वाट देणारा. मोरीपाशी तो हात धूत राहिला, दोनदा साबण लावून झाला.

"विक्रीचा माल कोण उचलणार आहे?" तिनं विचारलं.

"सेक्रेटरीचा मेहुणा. सगळ्यांना माहितेय."

"आणि तो कागद?"

नळ चालूच होता. "मीच टाइप केला," तो म्हणाला.

"काय?"

"सेक्रेटरी म्हणाले टाइप कर. सही कुणाची येणार ते मला कुठं ठाऊक?"

"खाली 'मिस्त्री' असं छापलंय. तेही तुम्हीच छापलंत ना?"

त्यानं नळ बंद केला. टॉवेल खांद्यावर असून तो भिंतीवर शोधत होता.

"बापाच्या नावाचं खोटं कागदावर चढवलंत, आणि दोन वेळा जेवलात या घरात. मला सांगायला जीभ झाली नाही?"

"नोकरी आहे ती. घर चालतं तिच्यावर."

"घर निम्मं या टेबलावर चालतं. उद्या मला संघाच्या शेडची किल्ली द्या."

"जाईल माझी नोकरी!"

"मग हरवली म्हणा. तुमच्या घरात चष्मा हरवतो, किल्लीही हरवेल."

सकाळी किल्ली उंबऱ्यावर ठेवलेली होती. तो केव्हा निघून गेला ते तिला कळलंच नाही.

शेडमध्ये सहा ट्रॅक्टर ओळीनं उभे होते, धुळीनं माखलेले. जिथून कार्बोरेटर काढले तिथं इंजिनाचं भोक उघडंच. निदान चिंधी कोंबावी, तेवढीही माणुसकी कुणी दाखवली नव्हती. एकाच्या भोकात गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं. तिनं प्रत्येकाच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून वहीत उतरवला. मग कागदाचा तुकडा भोकावर दाबून तेलकट अंगठा फिरवला. दोन बोल्टांची भोकं, मधला गोल, सगळ्याचा ठसा कागदावर उमटला. दोरी ओढून ठिणगी पडते का तेही बघितलं. पाचांत पडली. सहाव्याची दोरी जागची हललीच नाही.

बाहेर पडताना शिपाई आडवा आला. "बाईमाणसाचं काय काम इथं?"

"गवत वाढलंय ना, ते बघायला आले होते," ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी तिनं पोतं ओतलं. कार्बोरेटर सहा, पण एकाचाही ओळखीचा बिल्ला जागेवर नव्हता. तळच्या पेट्रोलच्या वाटीच्या स्क्रूखाली पितळेची छोटी पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो. सहाही पट्ट्या काढून टाकलेल्या. स्क्रूच्या खाचांवर ताजे ओरखडे चमकत होते. तिची कानशिलं तापली. चोरी एक वेळ समजते, पण पुन्हा कुणाला जुळवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम नावं पुसायची?

"हरामखोर," ती म्हणाली. सासूबाईंनी तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

"मोठ्यानं म्हण," त्या म्हणाल्या. "घरात कोण आहे ऐकायला?"

मग कार्बोरेटर आणि इंजिनांची सोयरीक जुळवायचं काम सुरू झालं. घाण खरवडली तर दोघांच्या बुडाशी ओतीव नंबर सापडला. तिसऱ्याचा चोकचा दांडा डाव्या अंगाला होता, आणि तसा तार जोडायचा पत्रा एकाच इंजिनाला होता. उरलेल्यांचे ठसे ती एकेक करून लावून बघत होती. दोन जवळपास सारखे, भोकांत गव्हाच्या दाण्याएवढा फरक. ती अडली.

"आण इकडं," बाजेवरून आवाज आला.

मिस्त्रींनी दोन्ही कार्बोरेटर दोन हातांत घेतले. करंगळी हवेच्या नळीच्या घशात घातली, एकदा याच्या, एकदा त्याच्या. "हा मोठ्या इंजिनाचा. घसा रुंद आहे. आणि याच्या फुलपाखराची, घशातल्या झडपेची, दांडी झिजलीय, हलव बघ. हवा आत ओढतो हा. इंजिन कमीजास्त होत होतं ना याचं?"

"होय."

"मग दांडीभोवती नळीचा बुश घालावा लागेल." एवढं बोलून त्यांनी कार्बोरेटर परत दिला आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

पुढचे चार दिवस ती जेवायलाही टेबलाशीच बसली. वाट्या उघडल्या तर आत वाळलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर. तो रॉकेलात भिजत घालायचा, ब्रशनं घासायचा, पंपानं प्रत्येक वाटेतून हवा मारायची. एका तोंडून फुंकलेली हवा दुसऱ्या तोंडून बोटाला लागली की मग पुढं. बाजूला टिकलीएवढी पत्र्याची चकती असते, तिच्यामागं केसासारखी तीन भोकं. चकती उचकटल्याशिवाय ती कुणाला दिसत नाहीत. सहांतल्या चारांची बुजलेली होती. तिथं तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि इंजिन पेट्रोल प्यायला लागतं. तिनं तांब्याच्या वायरीचा एक मऊ धागा काढून हळूच फिरवला.

वाटीत तरंगणारा एक पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डचमळलं. तो गरम पाण्यात बुडवल्यावर कडेनं बुडबुड्यांची माळ निघाली. भेग सापडली, पेट्रोलही उडून गेलं. मग शिशाचा एवढासा थेंब. जास्त घातलं तर फ्लोट जड होऊन बुडणार. बुश तिनं जुन्या स्टोव्हच्या नळीतून कापला आणि दिवसभर कानशीनं घासला. तिच्या अंगठ्याचं कातडं निघालं. हातांना रॉकेलचा वास असा बसला की सासूबाईंनी तिला पाण्याच्या हंड्याला हात लावू दिला नाही, स्वतःच पेला तोंडाशी धरायच्या.

"तोंड उघड," म्हणायच्या. "एवढ्या तिखट तोंडाला पाणी लागतंच."

नवरा रोज संध्याकाळी येऊन कोपऱ्यात बसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं न विचारता कात्री घेतली आणि सांध्यात बसवायचे गॅस्केटचे कागद कापायला लागला. हात त्याचा सुबक होता. तिनं पुढचा कागद सरकवला.

रविवारी सभेआधी तासभर मालाची पाहणी होती. कुणीही सभासदानं यावं, बघावं. लांबू सभासद होता. ती त्याच्याबरोबर गेली, पिशवीत कार्बोरेटर, हातात पेट्रोलचा डबा. आवारात खुर्च्या मांडलेल्या. मोठे बागवाले पुढं, लहान मागं, काही भिंतीला टेकून. तिला कुणी बस म्हटलं नाही.

ती पहिल्या ट्रॅक्टरशी गुडघ्यावर बसली तेव्हा सेक्रेटरी धावत आला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस, बोलणं साखरेत घोळलेलं.

"वहिनी, विक्रीच्या मालाला हात लावायचा नसतो."

"पाहणी आहे ना? मी पाहतोय," लांबू म्हणाला. "माझे हात जाड आहेत, म्हणून वहिनींचे आणलेत."

मागं कुणी हसलं. सेक्रेटरीला चारचौघांत हात धरता येईना. तिनं दोन बोल्ट आवळले, नळी जोडली, पेट्रोल कमीजास्त करायची सुई हलकेच बसेपर्यंत फिरवून दीड फेरा मागं घेतली. लांबूनं दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, धुराचा काळा लोट सोडला आणि धरलं. तिनं सुई पाव फेरा आत घेतली. आवाज स्वच्छ झाला.

भिंतीला टेकलेली माणसं सरळ उभी राहिली.

दुसरा लागला. तिसरा लागला. बुश घातलेला चौथा पहिल्याच ओढीला. पाचव्यानं घाम काढला, पण लागला. पाच इंजिनांच्या आवाजात सेक्रेटरी काय बोलतोय ते ऐकूच येईना. तिनं एकेक बंद केलं.

"सहावा?" पुढच्या खुर्चीतून कुणी विचारलं.

"सहावा मेलाय," ती म्हणाली. "पिस्टन धरलाय आत. तो विका खुशाल."

सेक्रेटरीनं घसा साफ केला. "आनंदच आहे. पण मंडळी, मला एक सांगा. हा कागद माझा नाही, मिस्त्रींचा आहे. मिस्त्री म्हणतात दुरुस्त होणार नाहीत. आज त्यांच्याच घरातून दुरुस्त होऊन आले. म्हणजे मिस्त्री खोटं लिहून देतात तर? का, माल आपल्याकडंच राहावा म्हणून?"

आता सगळ्यांच्या माना फाटकाकडं वळल्या. मिस्त्री तिथं आले होते. सासूबाईंच्या कोपराला धरून, ताठ, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांनी यायचं कबूल केलं नव्हतं.

"मला पोच म्हणून वाचून दाखवली," ते म्हणाले.

"वाचून दाखवली?" सेक्रेटरी हसला. "का हो, मिस्त्री, तुम्हाला वाचता येत नाही?"

खुर्च्यांमधून हशा पिकला. सुनेला वाटलं, धावत जावं आणि त्या पांढऱ्या सदऱ्यावर पेट्रोलचा डबा उपडा करावा. पण ती जागची हलली नाही. बोलायचं त्यांनी होतं.

"दिसत नाही मला," मिस्त्री म्हणाले.

हशा थांबला.

"तीन वर्षं झाली. तुझं तोंडसुद्धा दिसत नाही, त्याबद्दल देवाचे आभार. आवाजावरून ओळखतो. ऐका मंडळी, चष्मा सापडत नाही म्हटल्यावर हा स्वतः म्हणाला, 'मी वाचतो.' आणि कागदावर नव्हतं ते वाचलं. माझं बोट धरून सही घेतली यानं."

"मग तीन वर्षं आमची इंजिनं कोण करतंय?" पुढचा एक बागवाला उठून म्हणाला.

मिस्त्रींनी हात उचलला. तिच्या बाजूला नेमका नाही, जरा चुकीच्या दिशेलाच गेला. "ती," ते म्हणाले.

लोक आता सेक्रेटरीला जाब विचारतील असं तिला वाटलं. पण तोच बागवाला म्हणाला, "म्हणजे आम्ही मिस्त्री समजून देत होतो, आणि काम करत होती बाई? ही फसवणूक नाही का? तरीच माझा पंप कुरकुर करतो!"

"तुमचा पंप दोन पावसाळे चालतोय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "कुरकुर करतो कारण तुम्ही त्यात न गाळता तेल ओतता. मागच्या वेळी वाटीतून चिमूटभर वाळू काढली मी. बाईनं काढली म्हणून परत घालू का?"

भिंतीकडची माणसं मोठ्यानं हसली. तो बागवाला खाली बसला.

"सहा पट्ट्या कुठायत?" ती सेक्रेटरीकडं वळली. "कार्बोरेटरच्या नावाच्या पट्ट्या. पोत्यात टाकायच्या आधी कुणी काढल्या? ओळख पटत नाही असं लिहून घ्यायचं, म्हणून आधी ओळखच उपटून टाकायची? आणि छातीएवढ्या गवतात ही दीडशे-दोनशे झाडांची माणसं शिड्या लावून पडतील, त्याचं काय?"

"गैरसमज झालाय," सेक्रेटरी म्हणाला. "शिपायानं काढल्या असतील. चौकशी करू."

शिपायानं मान खाली घातली.

तेव्हा कोपऱ्यातून तिचा नवरा उठला. गोदामाची वही छातीशी धरलेली. "कागद मी टाइप केला," तो म्हणाला. "पोतं मिस्त्रींच्या घरी जायच्या आदल्या दिवशी. तारीख वहीत आहे. म्हणजे मिस्त्रींनी माल बघायच्या आधीच निकाल लिहून तयार होता." एवढं एका दमात बोलून तो खाली बसला.

पाचांची विक्री पुढं ढकलली गेली. रद्द नाही, पुढं ढकलली, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. सेक्रेटरी खुर्चीवरच राहिला. त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही. मेहुणा सहावा ट्रॅक्टर घेऊन गेला. नवऱ्याला गोदामावरून काढून आवक फाटकावर उन्हात बसवलं. पण दुसऱ्या सकाळी पाच ट्रॅक्टर ओळींमध्ये शिरले, आणि आठवड्याभरात लहान बागांमधलं गवत आडवं झालं. लांबूच्या बागेत शिड्या उभ्या राहिल्या.

फळ उतरून गेल्यावर एका दुपारी शिपाई सायकलवरून संघाचं पत्र घेऊन आला. घाम पुसत त्यानं पाकीट पुढं केलं. पाचही ट्रॅक्टरच्या देखभालीचं वर्षाचं काम या घराला दिलं होतं. नवरा वाचून खूश झाला. त्यानं वडिलांना वाचून दाखवलं, आईला वाचून दाखवलं.

तिनं पत्र हातात घेतलं. वर लिहिलं होतं, "मिस्त्री यांचे चिरंजीव यांस." काम चिरंजिवांनी करावं, सही चिरंजिवांनी करावी, माल चिरंजिवांनी ताब्यात घ्यावा. चिरंजिवांना सुई कुठल्या अंगाला फिरवावी तेही माहीत नव्हतं.

"अहो, नाव काय, असतंच असं कागदावर," नवरा म्हणाला. "काम तर तुझंच आहे."

मिस्त्री बाजेवरून म्हणाले, "पेन दे तिला."

तिनं चिरंजीव खोडलं. वर स्वतःचं नाव लिहिलं, माहेरचं-सासरचं सगळं, पूर्ण. पाकिटात घालून शिपायाला परत दिलं.

"असं टाइप करून आणायला सांग. मग सही करते."

"वहिनी, चार मैल आहे. या उन्हात परत जाऊ? एका नावासाठी?"

"ऊन उतरल्यावर जा हवं तर," ती म्हणाली. "पाणी पी, बस सावलीत. पण जा."